काचेवर गरगरणारी चकती: उद्यमबागेत करून घ्या, घरी मोजा

स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं की आधी ठणठणतं, मग गरगरत राहतं. शेवटी शेवटी त्याचा आवाज चढत जातो आणि एकदम बंद पडतो. थांबत आलेल्या वस्तूचा आवाज खरं तर उतरायला हवा. पंख्याचं बटण बंद केलं की तो उतरतोच. झाकणाचं मात्र उलट: जवळची ऊर्जा संपत जाते तसं ते जास्त घाई करतं.

हाच प्रकार नीट बघता आणि मोजता यावा म्हणून जड, गुळगुळीत चकती वापरतात. ती खेळणं म्हणूनही मिळते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ बेंडिक या अमेरिकन अभियंत्याने ते तयार केलं आणि त्याला ऑयलरचं नाव दिलं. लिओनार्ड ऑयलर (१७०७ ते १७८३) हा घन वस्तूंच्या फिरण्याचं गणित मांडणारा गणिती. खेळण्यातली चकती साधारण ७५ मिमी व्यासाची आणि ४०० ग्रॅमची असते. ती बाहेरून मागवण्याची गरज नाही. बेळगावच्या टर्नरला, म्हणजे लेथवर धातू कातणाऱ्या कारागिराला, हे अर्ध्या तासाचंही काम नाही.

पहिल्या वर्षाच्या पीयूसीला, म्हणजे अकरावीला, फिरत्या वस्तूंचा धडा असतो. तो शिकणारी मुलं, त्यांचे शिक्षक आणि विज्ञान प्रदर्शनासाठी दरवर्षी तोच ज्वालामुखी करून कंटाळलेले पालक, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे: पैसे आणि मेहनत चकतीपेक्षा तिच्या खालच्या बैठकीवर घाला. चकतीची ऊर्जा मुख्यतः तिथेच खर्च होते.

चकती

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, लेथ शोधावा लागत नाही. निपाणी, चिकोडी, खानापूरकडेही ट्रॅक्टर आणि पंपाची कामं करणारा टर्नर भेटतोच. तोंडी सांगू नका, कागदावर ड्रॉइंग काढून न्या. टर्नर घरी कानडी बोलत असो की मराठी, कागदावरचा ७५ त्याला एकच दिसतो.

ड्रॉइंगवर एवढं लिहा: व्यास ७५ मिमी, जाडी १२.५ मिमी, माइल्ड स्टील किंवा ईएन ८ प्रतीचं पोलाद, एका तोंडाची कड १ मिमी रेडियसने गोल. आणि ठळक अक्षरांत हेही लिहा: बाहेरचा व्यास, ते तोंड आणि ती कड हे तिन्ही एकाच क्लॅम्पिंगमध्ये करायचं. जॉब काढून पुन्हा चकमध्ये लावला की तोंड आणि कड यांच्यात बारीक वाकडेपणा येतो. व्हर्नियरला तो सहसा सापडत नाही, पण चकती फिरताना लगेच कळतो, कारण ती दर फेरीला ठेचाळते. दुसरं तोंड कसंही फेसिंग केलेलं चालेल, ते वरच राहणार आहे.

जॉब लेथवर असतानाच कडेला बारीक पॉलिश पेपर लावून घ्या, शेवटी १२०० नंबरचा. कड धारदार ठेवली तर ती काचेला चरे पाडते. फार गोल केली तर टेकण्याचं वर्तुळ लहान होतं आणि पुढचं गणित बिघडतं. १ मिमी पुरे. तयार चकतीचं वजन ४३० ग्रॅमच्या आसपास भरेल.

त्याच ड्रॉइंगवर ॲल्युमिनियमची दुसरी चकती सांगून ठेवा. ती १५० ग्रॅमची होईल. तिचं काम शेवटी आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रयोगात तेच खरं मजेचं आहे.

लेथपर्यंत जायचं नसेल तर दहा रुपयांचं नाणं घ्या. त्याचा व्यास २७ मिमी आहे आणि सुरुवातीला ते चालतं. वीस रुपयांचं घेऊ नका. त्याला बारा बाजू आहेत, ते घरंगळत नाही, ठेचा खात जातं.

बैठक

इथे घाई करू नका.

चकती टेकते एका बिंदूत, आणि तो बिंदू सेकंदाला दहा-वीस वेळा गोल फिरतो. खालचा पृष्ठभाग मऊ असेल तर त्या बिंदूखाली तो दबतो आणि परत वर येताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. प्लायवुड, सनमायका, पुठ्ठा, टेबलक्लॉथ हे सगळे याच कारणाने बाद. दबण्याइतकंच वाईट म्हणजे थरथरणं. पातळ आरसा टेबलावर नुसता ठेवला तर चकतीबरोबर तोही खडखडतो, आणि तो आवाज चकतीच्याच खिशातून जातो.

शोकेस करणाऱ्या काचेच्या दुकानात १२ मिमी जाडीचा, फूटभर लांबी-रुंदीचा तुकडा मागा. कापून उरलेले तुकडे त्यांच्याकडे असतात. कडा घासून घ्या, नाहीतर हात कापेल.

आता ही काच ठेवायची कुठे? ओट्यावर ठेवायचा मोह होतो, पण ओट्याला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. फरशीलाही असतो. उतारावर चकती फिरता फिरता सरकते आणि कडेवरून खाली जाते. म्हणून काचेला स्वतःचा बिछाना करून द्या. काचेपेक्षा थोडी मोठी, उथळ लाकडी चौकट घ्या, जाड फळीवर ठोका. हार्डवेअरच्या दुकानातलं पीओपी (प्लॅस्टर ऑफ पॅरिस) कालवून तिच्यात ओता, वर प्लॅस्टिकचा कागद पसरा आणि त्यावर काच ठेवा. पीओपी दहा-पंधरा मिनिटांत धरू लागतं. तेवढ्यात स्पिरिट लेव्हल उभी-आडवी ठेवून, काच हळूच दाबत पातळीत आणा. लेव्हल नसेल तर सायकलच्या बेअरिंगचा छर्रा काचेवर ठेवा. तो कुठेच गेला नाही तर काम झालं. पुढे एक दिवस हात लावू नका.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण अशी बसवलेली काच खालून पूर्ण टेकलेली असते, ती वाकत नाही आणि वाजत नाही. चौकट जिथे पातळीत बसली तिथली जागा खडूने आखून ठेवा. चौकट हलवली की पातळी पुन्हा बघावी लागते.

प्रदर्शनात नुसतं दाखवायचं असेल तर सपाट काचेऐवजी दाढीचा अंतर्गोल आरसा बरा. चकती आपोआप मध्यावर राहते, मुलांना पकडापकडी करावी लागत नाही. आरसा काचेचा हवा, प्लॅस्टिकचा नको, आणि त्यालाही पाठीमागून पीओपीचा आधार द्या. पण मोजमापाला सपाट काचच वापरा. खाली दिलेलं सूत्र सपाट पृष्ठभागाचं आहे.

फिरवणं

काच आणि चकती दोन्ही स्पिरिटने पुसा. तेलाचा हात लागला असेल तर चकती घसरते. पंखा बंद करा. वारा आणि आवाज दोन्ही नको आहेत. काचेभोवती जाड टॉवेल गुंडाळा, आणि लहान मुलांना पायात चपला घालायला सांगा. अर्ध्या शेराच्या आतबाहेरचं लोखंड पायाच्या बोटावर पडलं तर भौतिकशास्त्र बाजूला राहतं.

चकती गोल केलेल्या कडेवर उभी धरा, अगदी सरळ नाही, किंचित कललेली. गोल केलेली बाजू खाली येईल अशा दिशेने कलवा. दोन्ही हातांची बोटं दोन बाजूंना लावून एक हात पुढे, एक मागे असा हलका पीळ द्या. जोर लावलात तर ती चालत सुटते. सुरुवातीला ती भोवऱ्यासारखी उभी फिरते, मग कलते आणि गरगरायला लागते. मधला बिंदू जवळजवळ जागेवर स्थिरावला की खरा खेळ सुरू.

वरच्या तोंडावर रंगीत कागदाचा बाण चिकटवून ठेवा. चकती गरगरत असताना त्या बाणाकडे बघा. आवाज वेग घेतो आहे आणि बाण मात्र आळसावत चालला आहे. चकती १० अंशांनी कललेली असताना टेकण्याचा बिंदू सेकंदाला बारा फेऱ्या मारतो, आणि बाणाला एक फेरी पुरी करायला पाच सेकंदांहून जास्त लागतात. ३ अंशांवर बिंदू सेकंदाला बावीस फेऱ्या मारतो, बाणाला अर्धा मिनिट लागतो. म्हणजे वेगाने फिरते ती चकती नाही. फिरतो तो टेकण्याचा बिंदू. बघणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचा इथेच गोंधळ होतो, तेव्हा बाण विसरू नका.

वेग का वाढतो

एखादा क्षण गोठवून बघा. टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर आहे, कारण चकती घसरत नाही. मध्यबिंदूही स्थिर आहे. दोन बिंदू स्थिर, म्हणजे त्या क्षणी चकती त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेभोवती, आपल्याच एका व्यासाभोवती, फिरते आहे. गुरुत्वाकर्षण तिला आडवी पाडू बघतं. पण फिरत्या वस्तूला कलवायला गेलं की ती पडत नाही, तिचा अक्षच फिरतो. इथेही तो व्यास गोल फिरू लागतो आणि त्याच्याबरोबर टेकण्याचा बिंदूही.

आता हिशोब असा. गुरुत्वाकर्षणाचा पाडण्याचा जोर कोन कमी झाला तरी जवळजवळ तेवढाच राहतो. तो जोर म्हणजे कोनीय संवेग (वस्तूच्या फिरण्याचा जोम) गुणिले अक्ष फिरण्याचा वेग. चकती जितकी आडवी होईल तितका कोनीय संवेग कमी. गुणाकार तर तेवढाच राहायला हवा. मग दुसऱ्या आकड्याला वाढण्यावाचून गत्यंतर नाही.

गणित पूर्ण केलं की एकसंध, पातळ चकतीसाठी फार देखणं उत्तर निघतं. चकतीची उचललेली बाजू काचेपासून किती वर आहे ती उंची मिलिमीटरमध्ये घ्या. सेकंदाला फेऱ्या बरोबर ४४.५ भागिले त्या उंचीचं वर्गमूळ. बस. वजन नाही, व्यास नाही, धातू नाही. (४४.५ हा आकडा आपल्याकडच्या गुरुत्वाकर्षणाचा, ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरून. बेळगाव विषुववृत्ताच्या बरंच जवळ आणि समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून पुस्तकातल्या ९.८१ पेक्षा किंचित कमी.)

उंची २५ मिमी असेल तर सेकंदाला ८.९ फेऱ्या. ९ मिमीला १४.८. ४ मिमीला २२. १ मिमीला ४४.५. उंची मिलिमीटरच्या दहाव्या भागावर आली की १४०. दहा रुपयांचं नाणं आणि तुमची अर्ध्या शेराची चकती एकाच उंचीवर असतील तर दोघांचा ताल एकच. हे पटत नसेल तर उत्तम, मोजून बघा.

मोजणं

उंचीसाठी मोबाइल काचेच्या पातळीत, बाजूने ठेवा. चकतीच्या मागे स्टीलची पट्टी उभी करा. स्लो मोशन २४० फ्रेमवर चित्रण करा, तेही दिवसा उजेडात, खिडकीजवळ. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि स्लो मोशनमध्ये चित्रावर पट्टे सरकत राहतात. लोडशेडिंगची वेळ साधली तर आणखी बरं, विजेची गुणगुणही रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

एका फेरीला किती फ्रेम लागल्या ते मोजा. २० लागल्या तर २४० भागिले २०, म्हणजे सेकंदाला १२ फेऱ्या. त्या फेरीत उचललेल्या बाजूची खालची कड जास्तीत जास्त किती वर गेली ते पट्टीवर वाचा. १३-१४ मिमी यायला हवी. चकतीची जाडी आणि गोल केलेली कड यांमुळे तुमच्या फेऱ्या सूत्रापेक्षा दोन-चार टक्के कमी भरतील. त्याहून जास्त फरक आला तर पट्टी चकतीपासून फार मागे आहे का ते बघा. लांबची पट्टी उंची खोटी दाखवते.

उंची ३ मिमीच्या खाली गेली की डोळ्यांचा आणि पट्टीचा उपयोग संपतो. तिथून पुढे आवाजावर काम करा. दुसरा मोबाइल काचेशेजारी ठेवून रेकॉर्डिंग करा आणि ते संगणकावर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. लहर मोठी करून बघितली की दर फेरीला एक ठोका दिसतो. दहा ठोक्यांना लागलेला वेळ मोजा, दहाला त्याने भागा. कधी कधी एका फेरीत दोन ठोके दिसतात, काच किंवा कड दोन ठिकाणी किंचित असमान असते. म्हणून सुरुवातीचा आकडा एकदा व्हिडिओशी ताडून घ्या, मग बिनधास्त पुढे जा.

ऊर्जा कोण खातं

२००० सालच्या एप्रिलमध्ये केंब्रिजचे गणिती कीथ मोफॅट यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की शेवटच्या टप्प्यात चकती आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये हवेचा पातळ थर सापडतो, तो सतत पिळला जातो, आणि त्या हवेच्या चिकटपणातच ऊर्जा जाते. लगेच त्याच वर्षी काहींनी नाणी निर्वात पोकळीत फिरवून दाखवली. हवा काढूनही नाण्यांच्या थांबण्यात फारसा फरक पडला नाही. पुढे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांचा कौलही हवेपेक्षा घरंगळण्याच्या घर्षणाकडेच होता. या वादात निर्वात पंप नसलेल्या माणसालाही भाग घेता येतो. तीन मार्ग सांगतो.

पहिला मार्ग स्टॉपवॉचचा. मोफॅट यांच्या सूत्रात ४०० ग्रॅमची, ७५ मिमीची चकती घातली आणि उंची ७.५ मिमीपासून धरली, तर नुसत्या हवेने तिला थांबवायला १०० सेकंदांच्या आसपास लागतात. ७.५ मिमी म्हणजे सेकंदाला १६ फेऱ्या. रेकॉर्डिंगमध्ये १६ फेऱ्यांची जागा शोधा आणि तिथून शेवटच्या ‘टक्’पर्यंतचा वेळ मोजा. तो १०० सेकंदांच्या बराच खाली असेल तर बाकीची ऊर्जा बैठकीने आणि कडेने खाल्ली. हेच मोजमाप काचेवर, व्हिट्रिफाइड टाइलवर, शहाबादी फरशीवर आणि प्लायवुडवर करा. चकती तीच, हवा तीच. वेळ बदलला तर दोष कोणाचा हे वेगळं सांगायला नको. पीओपीत बसवलेली काच आणि तशीच टेबलावर ठेवलेली काच यांची तुलना तर कराच, खटाटोपाची किंमत तिथे सेकंदांत दिसते.

दुसरा मार्ग चढत्या सुराचा. शेवटचा ‘टक्’ म्हणजे शून्य धरा. त्याआधी १६, ८, ४, २ आणि १ सेकंद अशा पाच ठिकाणी फेऱ्या मोजा. उरलेला वेळ निम्मा झाला की फेऱ्या किती पटींनी वाढल्या? खर्च नुसत्या हवेचा असेल तर दर वेळी १.१२ पट. घरंगळण्याला सारखाच विरोध होत असेल तर १.२६ पट. पाच ठिकाणांमध्ये हा फरक चांगला उघडा पडतो. १६ सेकंद उरले असताना १५ फेऱ्या असतील, तर एक सेकंद उरला असताना हवेच्या हिशोबाने २४ यायला हव्यात, घर्षणाच्या हिशोबाने ३८. शेवटच्या सेकंदाच्या आतले आकडे वापरू नका. ‘टक्’ ठरवताना जरा इकडेतिकडे झालं तरी तिथे सगळं बिघडतं. शिवाय अगदी शेवटी सूत्रच लागू राहत नाही. सूत्रानुसार फेऱ्या अनंताकडे जायला हव्यात, पण तसं व्हायला चकतीला मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूपेक्षाही वेगाने खाली यावं लागेल. ते शक्य नाही, तेव्हा टेकणं सुटतं आणि खेळ आटोपतो.

तिसरा मार्ग ॲल्युमिनियमचा. फेऱ्यांच्या सूत्रात वजन नाही, त्यामुळे दोन्ही चकत्या सेकंदाला १२ फेऱ्यांवर असतील तेव्हा त्यांची उंचीही एकच असते. तिथून दोघींचा वेळ मोजा. ऊर्जा हवा खात असेल तर हवेची भूक दोघींना सारखीच, पण ॲल्युमिनियमच्या शिदोरीत ऊर्जा मुळातच तिपटीने कमी. म्हणजे ती स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वेळात थांबायला हवी. ऊर्जा घरंगळण्यात जात असेल तर विरोधही वजनाच्याच प्रमाणात असतो, वजन दोन्हीकडून कटतं, आणि दोघी जवळपास एकाच वेळी थांबायला हव्यात. तुमचा आकडा या दोन टोकांच्या मध्ये पडेल, कारण दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या चालूच असतात आणि ॲल्युमिनियमची कड मऊही असते. पण तो कोणत्या टोकाकडे झुकतो हे तुमच्या काचेवर, तुमच्या लेथच्या कडेवर अवलंबून आहे. प्रदर्शनात परीक्षकांसमोर मांडायला यापेक्षा चांगला तक्ता मला सुचत नाही: दोन चकत्या, चार बैठका, आठ आकडे. प्रत्येक आकडा पाच-सहा वेळा मोजून मधला घ्या, हाताने दिलेला पीळ दर वेळी वेगळा पडतो.

ॲल्युमिनियमच्या कडेवर बारीक चपटे डाग पडू लागले की ती पुन्हा १२०० च्या पेपरने फिरवून घ्या. स्टीलच्या चकतीला पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-जांबोटीकडच्या हवेत, आठवड्यात गंज धरतो. काम झालं की मशीन ऑइलचा बोळा फिरवून कागदात गुंडाळून ठेवा, आणि पुढच्या वेळी काचेवर ठेवण्याआधी ते तेल स्पिरिटने पूर्ण काढा.